लयकारिकेतलं विकर पेशीच्या बाहेर काय करतंय?

फळा_आणि_खडू
नमस्कार मंडळी. मी शाळेत विज्ञान शिकवते. लयकारिका, म्हणजे लायसोसोम, हा धडा आला की माझं ठरलेलं असतं. फळ्यावर एक गोल काढायचा, त्यात ठिपके काढायचे, 'आत्मघाती पिशवी' असं लिहायचं, पेशीतला कचरा पचवते आणि फुटली तर पेशी खलास असं सांगायचं. पोरं पाठ करतात, पेपरात लिहितात, मार्क मिळतात, विषय संपला.

तर झालं असं की एका जुन्या विद्यार्थिनीचा परवा मेसेज आला, ती आता संशोधन करतेय. लिहिते, "बाई, तुम्ही शिकवलेली कचरापेटी पेशींनी एकमेकींना धरून राहायचं की सोडायचं हे पण ठरवते, माझं सगळं काम तिच्यातल्या एकाच विकरावर चाललंय." विकराचं, म्हणजे एन्झाइमचं, नाव न्यूरामिनिडेज-१. मी म्हटलं छान, आणि मग दोन दिवस डोक्यात भुंगा. कचरा पचवणारं विकर, तेही पिशवीत बंद, तेही आम्लात काम करणारं, त्याचा पेशी चिकटण्याशी संबंध काय? आणि ते नसलं तर आजार होतात म्हणे, ते कचरा साठतो म्हणून की चिकटणं बिघडतं म्हणून? तिला विचारायची लाज वाटली (शेवटी मी बाई ना), म्हणून इथे विचारतेय. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुढच्या वेळी फळ्यावर काय लिहू?

टोळभैरव
लयकारिका म्हणजे लय भारी कारिका. बास, हेच लिहा.

वाचनमात्र
हाहा. पण खरंच, 'लय' म्हणजे नाश हे शाळेत कुणी सांगितलंच नव्हतं, मला वाटायचं गाण्यातली लय, पेशीचा ताल धरून ठेवते वगैरे. बसतो इथे, धागा चांगला होणारसं दिसतंय.

जुनी_वही
बाई, प्रश्न उत्तम आहे. मी आयुष्यभर जीवरसायन शिकवलं आणि 'आत्मघाती पिशवी' हे शब्द मीही बरीच वर्षं वापरले, त्यामुळे तुमच्या लाजेत माझाही वाटा.

थोडा इतिहास. ख्रिश्चन द ड्यूव्ह हे उंदराच्या यकृतावर काम करत होते, शोधत होते भलतंच, इन्सुलिन तिथे काय करतं ते. एका आम्ल फॉस्फेटेजचं मोजमाप अपेक्षेपेक्षा फारच कमी आलं. तेच नमुने काही दिवस फ्रीजमध्ये राहिले आणि परत मोजले तर आकडा वाढलेला! विकर नाहीसं झालं नव्हतंच, कुठल्यातरी आवरणात बंद होतं आणि आवरण फाटल्यावर बाहेर आलं. त्यातून १९५५ मध्ये लायसोसोम हे नाव आलं आणि १९७४ मध्ये नोबेल. आता गंमत बघा, शोधच 'पिशवी फाटली की विकर बाहेर पडतं' या निरीक्षणातून लागला, त्यामुळे पिशवी आणि फुटणं हीच प्रतिमा सगळ्यांच्या डोक्यात बसली. आत साठेक प्रकारची विकरं, पीएच साडेचार ते पाच, आणि पेशीतला बाकी द्रव साधारण ७.२. म्हणजे पिशवी फुटली तरी बाहेर ही विकरं बरीचशी लंगडी पडतात. एखादी फुटली म्हणून पेशी लगेच मरत नाही. आत्मघात वगैरे जरा नाटकीच.

चिकटण्याबद्दल तरुण मंडळींनी लिहावं, माझं ज्ञान जुनं.

पेट्रीडिश
सर, जुनं कसलं, फ्रीजची गोष्ट आमच्या लॅबमध्ये अजून सांगतात, फक्त नमुने विसरल्याबद्दल शिव्या देताना.

बाई, मी प्रयत्न करतो. मोबाईलवरून टंकतोय, शुद्धलेखन पोटात घाला. पेशीचं बाहेरचं आवरण गुळगुळीत नसतं, त्यावर प्रथिनं असतात आणि बऱ्याच प्रथिनांवर साखरेच्या छोट्या छोट्या साखळ्या लोंबत असतात, अगदी झुडपासारख्या. या साखळीच्या टोकाला बहुतेक वेळा सायलिक आम्ल नावाची साखर असते. (लाळेतल्या चिकट प्रथिनातून पहिल्यांदा वेगळी केली, ग्रीकमध्ये सायलॉन म्हणजे लाळ, म्हणून हे नाव.) तिच्यावर ऋण भार असतो. दोन ऋण भार एकमेकांना ढकलतात हे तुम्हीच शिकवता. म्हणजे टोकाला सायलिक आम्ल भरपूर असेल तर प्रथिन समोरच्याला नीट धरू शकत नाही, किंवा धरण्याची ताकद बदलते.

आता न्यूरामिनिडेज-१, याला सायलिडेज पण म्हणतात, याचं काम एकच, साखळीच्या टोकाचं सायलिक आम्ल छाटायचं. बास. लायसोसोममध्ये हे काम कचऱ्याच्या विल्हेवाटीचा एक टप्पा असतो, कारण साखळी टोकाकडून एकेक करून सोडवावी लागते, टोक निघालंच नाही तर मागची सगळी विकरं हात बांधून बसतात. पण हीच छाटणी पेशीला चिकटवून ठेवणाऱ्या प्रथिनावर झाली तर ते प्रथिन वेगळं वागायला लागतं. पेशीला खालच्या जाळीला धरून ठेवणारी इंटेग्रिन नावाची प्रथिनं असतात. आतड्याच्या कॅन्सरच्या पेशींमध्ये हे विकर वाढवलं की इंटेग्रिन बीटा-४ वरचं सायलिक आम्ल कमी होतं आणि त्या पेशी उंदराच्या यकृतात कमी पसरतात, हे जपानमधल्या एका गटाने २००९ मध्ये दाखवलं. म्हणजे एका न्हाव्याच्या कात्रीवर कॅन्सर पसरणार की नाही हे थोडंफार अवलंबून.

टोळभैरव
न्हावी!! बाई, फळ्यावर पिशवीच्या ऐवजी सलून काढा.

शंकासुर
सगळं गोड गोड चाललंय पण मूळ अडचण कुणी बोलतच नाहीये. जुनी_वही सर स्वतः म्हणाले बाहेर पीएच सातच्या वर, ही विकरं तिथे लंगडी. मग पेशीच्या बाहेरच्या बाजूला असलेल्या प्रथिनावर हे विकर छाटणी करणार कसं? परीक्षानळीत आम्ल घालून काहीही दाखवता येतं. पेट्रीडिश, उत्तर आहे की "शास्त्रज्ञ म्हणतात"?

पेट्रीडिश
शंकासुर, नाव सार्थ करताय. पण शंका रास्त आहे, माझ्या गाईडनेही पहिल्या वर्षी हेच विचारलं होतं आणि मी तोंड उघडं ठेवून उभा होतो.

एक म्हणजे, पेशीवर प्रथिनं बसून राहत नाहीत. ती सतत आत ओढली जातात आणि परत बाहेर पाठवली जातात. वाटेत आम्लधर्मी कप्पे लागतात. छाटणी तिथे उरकून प्रथिन परत बाहेर आलं तर काम झालं, बाहेरचा पीएच कितीही असो.

दुसरं, हे विकर एकटं टिकतच नाही. त्याला कॅथेप्सिन-ए नावाच्या दुसऱ्या विकराचा आधार लागतो, तो नसेल तर हे मोडून जातं. हीच जोडी एका तिसऱ्या प्रथिनाबरोबर, इलॅस्टिन (ऊतींना लवचिकपणा देणारं प्रथिन) धरणाऱ्या प्रथिनाबरोबर, चक्क पेशीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर सापडते. आणि हे तिसरं प्रथिन कोण, तर बीटा-गॅलेक्टोसिडेज नावाच्या आणखी एका लायसोसोमच्या विकराचाच जीन वेगळ्या पद्धतीने कापून-जोडून बनवलेलं, विकर म्हणून निकामी पण धरायला पक्कं. तीन जण कचराडेपोचे, आणि उभे दारात पाहुणे घ्यायला. तिथे विकराचा वेग आतल्यापेक्षा कमी असणार हे मान्य, पण शेजारच्याच प्रथिनाचं टोक छाटायला वेग कशाला लागतो.

तिसरं, पेशी हवं तिथे बाहेरही आम्ल करू शकते. पण ते हाडवाल्यांनी सांगावं, इथे एक आयडी आहे.

हाडवैद्य_२
बोलावलंत म्हणून आलो नाहीतर वाचून पळणार होतो.

हाड खाणाऱ्या पेशी, ऑस्टिओक्लास्ट. ही पेशी हाडावर येऊन बसते आणि कडेकडेने हाडाला घट्ट चिकटते, त्यासाठी तिच्याकडे तीच इंटेग्रिन प्रथिनं असतात, मुख्यतः अल्फा-व्ही बीटा-३. गोल कडं तयार होतं, आत बंद खोली. मग त्या खोलीत ती पंपाने आम्ल सोडते, आणि लायसोसोम येऊन आपला सगळा माल तिथे ओततात. म्हणजे पेशीच्या बाहेर, हाड आणि पेशी यांच्या मधे, एक तात्पुरता मोठा लायसोसोमच तयार होतो! शंकासुरांच्या पीएचच्या प्रश्नाला निसर्गाने दिलेलं इतकं सरळ उत्तर मी दुसरं पाहिलेलं नाही. आधी चिकटायचं मग खोली बंद करायची मग आम्ल मग विकर. चिकटणं सैल झालं तर आम्ल गळून जाईल, काहीच पचणार नाही.

इथलं मुख्य विकर कॅथेप्सिन-के. ते जन्मतः नसेल तर पिक्नोडायसोस्टोसिस होतो. हाडं दाट दिसतात पण ठिसूळ, पटकन मोडतात, उंची कमी, टाळू भरत नाही. आजाराचं वर्णन १९६२ मध्ये झालं, जीन सापडला १९९६ मध्ये. फ्रेंच चित्रकार तुलूझ-लोत्रेक यांना हाच असावा असं आजाराचं वर्णन करणाऱ्यांनीच सुचवलं होतं, त्यावर वाद आहे.

मग लोकांना वाटलं, हे विकर बंद करून ठेवलं तर म्हातारपणी हाडं झिजणार नाहीत. ओडानाकॅटिब नावाचं औषध आलं, हाडं मोडण्याचं प्रमाण खरंच कमी झालं, पण पक्षाघाताचा धोका वाढलेला दिसला आणि २०१६ मध्ये कंपनीने ते सोडून दिलं. मी तेव्हा फार उत्साहात होतो त्या औषधाबद्दल, पेशंटनाही सांगत होतो की थांबा, काहीतरी येतंय. असो.

शंकासुर
हाडवैद्य, मानलं. शंका मागे घेतो. अर्धी.

रक्तपेढीवाला
मी पेशीशास्त्र वगैरे शिकलेलो नाही, रक्तपेढीत काम करतो, पण हे सायलिक आम्ल रोज पाहतो म्हणा ना. तुम्ही सगळे ईएसआर करता की नाही? लाल पेशी नळीत किती वेगाने खाली बसतात ते. त्या लगेच का बसत नाहीत, कारण प्रत्येक लाल पेशीवर सायलिक आम्लाचा ऋण भार असतो आणि त्या एकमेकींना लांब ठेवतात. अंगात सूज, ताप असला की रक्तात फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारं प्रथिन वाढतं, त्याने हे ढकलणं झाकलं जातं, पेशी एकावर एक नाण्यांच्या चवडीसारख्या रचल्या जातात आणि भराभर खाली बसतात. रिपोर्टवरचा तो आकडा म्हणजे एका अर्थाने पेशी एकमेकींना किती टाळतायत त्याचं माप.

आणि ही कात्री बॅक्टेरियांकडेही असते. काही जंतूंचा संसर्ग झाला की त्यांचं न्यूरामिनिडेज पेशंटच्या लाल पेशींवरचं सायलिक आम्ल छाटून टाकतं. खाली लपलेली टी-अँटिजेन नावाची साखरेची खूण उघडी पडते. जवळजवळ सगळ्या मोठ्या माणसांच्या रक्तात तिच्या विरुद्ध अँटिबॉडी असतातच, त्यामुळे त्या पेशंटच्या पेशी जवळजवळ कुणाच्याही सीरमबरोबर गुठळ्या करतात. मी नवीन असताना एकदा असं झालं, लहान बाळाचं रक्त होतं, गट लागेना, ज्याच्याशी बघावं त्याच्याशी चिकटतंय. मला वाटलं मीच नळ्यांची अदलाबदल केली, तीनदा परत केलं, घाम फुटला. सिनियर बाई आल्या, एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "अरे, या पेशींची दाढी कुणीतरी केलीये." पेट्रीडिशच्या न्हाव्यावरून आठवलं.

वाचनमात्र
एक मिनिट. न्यूरामिनिडेज. फ्लूच्या एच१एन१ मधला एन तोच का??

पेट्रीडिश
तोच धंदा, दुकान वेगळं. एच म्हणजे हिमॅग्लुटिनिन, ते आपल्या पेशीवरच्या सायलिक आम्लाला चिकटतं, तिथून विषाणू आत शिरतो. आत त्याच्या प्रती तयार होतात, त्या बाहेर पडताना पेशीच्याच सायलिक आम्लाला परत चिकटून बसणार, मग एन पुढे येतो आणि टोकं छाटतो, विषाणू मोकळे. ओसेल्टामिविर हे फ्लूचं औषध एनला अडवतं. आपल्या स्वतःच्या चार सायलिडेजवर त्याचा फारसा परिणाम होत नाही, त्यांचा खाचा वेगळा आहे.

उंबरठा
सगळं वाचतेय सकाळपासून. लिहू की नको असं चाललं होतं. माझ्या भाच्याला हाच आजार आहे. सायलिडोसिस, टाइप एक. न्यूरामिनिडेज-१ चाच जीन.

सोळा-सतरा वर्षांचा असताना हात उडायला लागले. कप धरला की झटका, लिहायला घेतलं की झटका, शांत बसला की काही नाही. सगळ्यांनी एपिलेप्सी म्हटलं, गोळ्या चालू. चालताना तोल जायला लागला, तर एका मोठ्या डॉक्टरांनी मुलगा ताणात आहे, अभ्यासाचं टेन्शन आहे असं सांगितलं. त्याची बुद्धी उत्तम, तोच आम्हाला समजवायचा की आत्या मी मुद्दाम करत नाहीये गं. चार वर्षं अशी गेली. शेवटी नजर कमी वाटते म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, त्या तरुण बाई होत्या, बराच वेळ आत बघत बसल्या आणि म्हणाल्या, पडद्याच्या मधोमध चेरीसारखा लाल ठिपका आहे, झटके येतात का याला? त्या एका प्रश्नावर भावाला रडू फुटलं. मग लघवीची तपासणी, जीनची तपासणी, आणि नाव मिळालं. भाऊ आणि वहिनी दोघंही वाहक, त्यांना काहीच त्रास नाही.

मला विचारायचंय ते हे, बाईंनी सुरुवातीला विचारलंय तेच. त्याला जे होतंय ते कचरा साठल्यामुळे की हे चिकटण्या-बिकटण्यामुळे? डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले तुम्हाला काय फरक पडतो.

जुनी_वही
उंबरठा ताई, लिहिलंत ते बरं केलंत. आणि फरक पडतो. ज्याच्या घरात आजार आहे त्याने कारण विचारू नये हा कुठला न्याय.

मला जेवढं खात्रीने सांगता येतं ते असं. डोळ्यातला ठिपका हा साठण्यामुळेच. पडद्यातल्या काही चेतापेशी न पचलेल्या साखरेच्या साखळ्यांनी फुगतात, पडदा फिकट दिसतो, बरोबर मध्यभागी त्या पेशी नसतातच, म्हणून तिथून मागचा लाल रंग तेवढा दिसतो. म्हणजे लाल ठिपका ही खराब जागा नाहीच, खराब झालाय तो आजूबाजूचा भाग. लघवीत जे सापडलं तेही हेच, टोक न छाटलेल्या साखळ्या. तेव्हा पाया कचऱ्याचाच.

पण तेवढ्यावर संपत नाही. हे विकर काढून टाकलेल्या उंदरांवर बरंच काम झालंय, त्यात एक विलक्षण गोष्ट २००८ मध्ये पुढे आली. लायसोसोमच्या स्वतःच्या भिंतीवर लॅम्प-१ नावाचं प्रथिन असतं. विकर नसलं की त्याच्यावर सायलिक आम्ल राहून जातं, ते जास्त टिकतं, आणि असे लायसोसोम पेशीच्या कडेला जाऊन टेकतात आणि आपला माल बाहेर ओकतात, गरजेपेक्षा खूप जास्त. बाहेरची जी जाळी पेशींना धरून ठेवते तिच्यावर मग ही नको ती विकरं सुटतात. उंदरांच्या स्नायूंमध्ये जोडऊती वाढून तंतू खराब झालेले दिसले. माणसात, विशेषतः टाइप एकमध्ये, यातलं किती लागू पडतं हे उंदरावरून थेट म्हणता येत नाही, म्हणून मी ते तुमच्या भाच्याला चिकटवणार नाही.

उंबरठा
धन्यवाद सर. मधला भाग खराब नसून आजूबाजूचा खराब, हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. आम्ही सगळे त्या ठिपक्यालाच घाबरत होतो.

शंकासुर
ताई, तुमच्या भाच्याला शुभेच्छा, मनापासून. आता एक तिरका प्रश्न, सगळ्यांसाठी. विकर कमी आहे ना, मग विकराच्या गोळ्या घेता येत नाहीत का? व्हॉट्सअ‍ॅपवर 'एन्झाइम थेरपी' नावाने काय काय फिरत असतं.

जुनी_वही
गोळी पोटात गेली की विकर म्हणजे शेवटी प्रथिन, पोट त्याचे तुकडे करणार. तो मार्ग बंद.

शिरेतून देणं मात्र काही लायसोसोम-आजारांत चालतं, आणि त्यामागची कल्पना सुंदर आहे. १९६८ मध्ये एलिझाबेथ न्यूफेल्ड यांच्या प्रयोगशाळेत हर्लर आणि हंटर या दोन वेगवेगळ्या आजारांच्या पेशी एकाच बशीत वाढवल्या. दोन्ही सुधारल्या! एकीकडे जे विकर नव्हतं ते दुसरीकडून पाझरून तिला मिळालं. म्हणजे पेशी बाहेरून लायसोसोमचं विकर उचलू शकते, त्यावर मॅनोज-६-फॉस्फेटचा शिक्का असला की झालं. बाई, तुमच्या 'बंद पिशवी'ला सुरुंग इथेच लागला होता खरं तर, आम्ही शिकवणाऱ्यांनी लक्ष दिलं नाही.

गोशे या अशाच एका लायसोसोम-आजारावरचं पहिलं औषध १९९१ मध्ये मान्य झालं, ते मानवी वारेतून काढलेलं विकर होतं. ते मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशींनी उचलावं म्हणून त्याच्या साखरेच्या साखळ्या मुद्दाम छाटत, आणि पहिलं टोक छाटायला वापरत काय? न्यूरामिनिडेज!

सायलिडोसिससाठी असं मान्य औषध अजून नाही. हे विकर एकटं टिकत नाही हे पेट्रीडिशने सांगितलंच, आणि शिरेतून दिलेली मोठी प्रथिनं मेंदूत शिरत नाहीत, झटके तर तिथलेच. उंदरांवर जीन पोचवण्याचे प्रयोग झालेत. ताई, कुणी गोळ्या-पावडरी विकायला आलं तर दार लावून घ्या.

टोळभैरव
सर, एक विनोद सुचला होता पण ताईंचं वाचून ठेवून दिला. फक्त एवढंच, त्या डोळ्यांच्या डॉक्टरबाईंना माझा दंडवत.

रक्तपेढीवाला
+१

पेट्रीडिश, तुझ्याशी थोडं भांडायचंय. तू सुरुवातीला सायलिक आम्ल म्हणजे ढकलणारं असं सांगून टाकलंस. मग पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला धरतात कशाला? भिंतीवरचं सिलेक्टिन नावाचं प्रथिन ज्या साखळीला पकडतं, सायलिल लुईस-एक्स, तिच्यात सायलिक आम्ल असावंच लागतं. छाटलं तर पकड सुटते. म्हणजे तिथे ते हूक झालं ना?

पेट्रीडिश
सापडलो. बाईंना सोपं करून सांगायच्या नादात अर्धंच सांगितलं.

मेंदू घडत असताना चेतापेशींवर सायलिक आम्लाच्या लांबच लांब माळा असतात, त्यामुळे त्या एकमेकींना अडकत नाहीत आणि सरकत आपापल्या जागी जातात. तिथे ते ढकलतं. पांढऱ्या पेशीवर तेच आम्ल हूक आहे. फ्लूच्या विषाणूला तर दाराची कडीच. म्हणजे 'छाटलं की चिकटतं' असा नियम करताच येत नाही, कुठल्या प्रथिनावरचं छाटलं आणि समोर कोण आहे यावर सगळं. आमच्या लॅबमध्ये यावरून भांडणं होतात, एकाच विकराने एका कॅन्सरमध्ये पसरणं कमी होतं आणि दुसऱ्या प्रकारच्या कॅन्सर पेशींमध्ये त्याचा उलटा उपद्रव दिसतो. दोन्ही प्रयोग नीट केलेले.

फायब्रोसिसचं, म्हणजे जोडऊती वाढून अवयव कडक होण्याचं, तसंच. सरांनी सांगितलं की विकर नसलेल्या उंदरांच्या स्नायूत जोडऊती वाढते. पण फुप्फुसाच्या एका फायब्रोसिसमध्ये, ज्याचं कारण सापडत नाही तो, पेशंटच्या फुप्फुसात हेच विकर वाढलेलं मिळतं. नसलं तरी वाईट, जास्त झालं तरी वाईट.

शंकासुर
ही अर्धी शंका मी राखून ठेवली होती, बरं झालं तुम्हीच काढलीत.

दंतकथा
उशिरा आले. दातांची डॉक्टर. सगळं कौतुक एकाच विकराचं चाललंय म्हणून आमच्यातलं एक देते, कॅथेप्सिन-सी. हेही लायसोसोममधलंच. ते नसलं की पॅपिलॉन-लफेव्र सिंड्रोम, तळहात तळपाय जाड खरखरीत आणि दात आले की हिरड्या सुजून सगळे दुधाचे दात पडतात, मग पक्के येतात, तेही पडतात. दातात काहीच दोष नसतो, धरून ठेवणारी ऊतीच जाते. हे विकर पांढऱ्या पेशींमधल्या इतर विकरांना जागं करतं, ती जागी न झाल्याने हिरडीतला संसर्ग आवरत नाही. एवढं काम एका छोट्या पिशवीतलं.

आणि कॅन्सरवाल्यांनी कॅथेप्सिन बी, एल, एस विसरू नका, स्वादुपिंडाच्या ट्यूमरमध्ये ती बाहेर पडून ई-कॅढेरिन कापतात, म्हणजे पेशीने शेजारच्या पेशीचा धरलेला हातच.

वाचनमात्र
म्हणजे न्हावी वेगळा आणि हात तोडणारा वेगळा.

दंतकथा
अगदी. एक टोकाची एक साखर काढतो, दुसरा प्रथिनच कापतो. पहिल्यानंतर प्रथिन जागेवर असतं, वागणं बदलतं. दुसऱ्यानंतर काही उरतच नाही वागायला.

पेट्रीडिश
याची गंमत आम्ही रोज बघतो. बशीतल्या पेशी सोडवायला ट्रिप्सिन आणि सोबत कॅल्शियम ओढून घेणारं ईडीटीए घालतो, कारण कॅढेरिनला पकड ठेवायला कॅल्शियम लागतं. परवा फोनवर बोलत बसलो, ट्रिप्सिन जास्त वेळ राहिलं, आठवड्याच्या पेशी चिवट लगदा होऊन मेल्या. गाईड म्हणाले, आता चिकटण्यावर प्रबंध लिही.

फळा_आणि_खडू
मंडळी, तीन दिवस नव्हते, परीक्षा होत्या. सगळं दोनदा वाचलं. उंबरठा ताई, तुमच्या भाच्याला माझा नमस्कार सांगा.

काल तो धडा घेतला. 'आत्मघाती पिशवी' लिहिलं कारण पेपरात तेच विचारणार, पण कंसात टाकलं. गोल काढला, ठिपके काढले, आणि या वेळी गोलाला एक दार काढलं आणि दारातून एक ठिपका बाहेर, हातात कात्री. टोळभैरव, सलून नाही काढलं पण पोरं हसली. ईएसआरचं सांगितलं तर एकाने घरी जाऊन आजीचा रिपोर्ट आणला. माझ्या विद्यार्थिनीलाही फोटो पाठवला फळ्याचा, तिने फक्त "बाई!!!" एवढंच लिहिलंय, ते कौतुक समजू की चूक काढलीये ते कळेना.

मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "फ्लूच्या विषाणूला तर लयकारिका नसते, मग त्याच्याकडे कात्री आली कुठून?" मी म्हटलं उद्या सांगते. आता सांगा पटकन, पहिलाच तास आहे.

पेट्रीडिश
त्याच्याकडे कात्रीचा स्वतःचा जीन असतो. फ्लू-ए च्या जनुकद्रव्याचे आठ तुकडे असतात, त्यातला एक न्यूरामिनिडेजचा. बनवून मात्र आपल्याच पेशीकडून घेतो. आणि तिला हेही सांगा की विषाणूचं, बॅक्टेरियांचं आणि आपलं, तिन्ही विकरांचा गाभा एकाच घडणीचा आहे, सहा पात्यांच्या पंख्यासारखा.

टोळभैरव
बाई, पंखा काढा. वर्गात मॉडेल आहेच वर टांगलेलं, फक्त पाती मोजून घ्या आधी.

फळा_आणि_खडू
तीन आहेत. दोन पंखे मिळून सहा. चालवून घेते.